पक्षाघात एकाला, परीक्षा साऱ्या घराची

रुग्णालयातून घरी सोडण्याचा दिवस कोणत्याही कुटुंबाच्या दृष्टीने आनंदाचा असतो. पक्षाघाताच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र त्या आनंदात एक भीती मिसळलेली असते. जो माणूस पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच्या पायांनी जिना उतरून बाहेर पडला होता, त्यालाच आता रुग्णवाहिकेबरोबर आलेले दोघे जण उचलून तोच जिना चढवून आणतात. घरच्या मंडळींच्या हाती एक फाईल असते, औषधांची चिठ्ठी असते आणि फिजिओथेरपिस्टने जाता जाता करून दाखविलेले चार व्यायाम कसेबसे लक्षात असतात. त्या संध्याकाळी घर माणसांनी भरून जाते. फळांच्या पिशव्या येतात, धीराचे शब्द येतात. चौथ्या दिवशी पाहुणे आपापल्या गावी परततात, मुलाची रजा संपते, आणि दिवसभर घरात तिघेच उरतात : अंथरुणाला खिळलेला रुग्ण, साठी उलटलेली त्याची पत्नी आणि नोकरी सोडावी की काय, या विवंचनेत पडलेली सून.

हे चित्र कोणा एका घराचे नाही. शहरातील कोणत्याही पेठेत, तालुक्याच्या कोणत्याही गावात थोडी चौकशी केली, तर असे एक तरी घर सापडतेच. त्या घराला औषध मिळालेले असते, पण आधार मिळालेला नसतो. हा आधार कोणी द्यायचा, हा प्रश्न आपल्या समाजाने अद्याप गांभीर्याने विचारलेलाच नाही.

साडेचार तास आणि त्यानंतरची वर्षे

पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा ही एकाच आघाताची लोकांच्या तोंडी असलेली नावे. मेंदूला रक्त पुरविणारी वाहिनी गुठळीने बंद होते अथवा फुटते, आणि त्या भागातील पेशी मरू लागतात. गुठळीमुळे झालेल्या आघातात दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा हिशेब वैद्यकशास्त्राने मांडला आहे. म्हणूनच तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोलणे अडखळले, की क्षणाचाही विलंब न लावता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचावे लागते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. काही निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत नळीद्वारे गुठळी काढता येते.

जागतिक पक्षाघात संघटनेच्या अंदाजानुसार पंचविशी ओलांडलेल्या दर चार व्यक्तींपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा या आघाताला सामोरे जावे लागते. भारतात दरवर्षी बारा ते अठरा लाख व्यक्तींना पक्षाघात होतो, असे निरनिराळे अंदाज आहेत. हा केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार आहे, ही समजूतही खरी नाही. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या गावांतील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच निघाले. दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताने झालेला होता आणि त्यांपैकी सुमारे ८७ टक्के मृत्यू घरीच झाले होते. याचा अर्थ उघड आहे. पक्षाघाताचा रुग्ण जगला तरी घरीच असतो आणि गेला तरी बहुधा घरीच जातो. रुग्णालय हा त्याच्या प्रवासातील एक लहान टप्पा आहे, आणि पुष्कळांच्या वाट्याला तोही येत नाही.

गेल्या काही वर्षांत पहिल्या साडेचार तासांविषयी बरीच जागृती झाली. दरवर्षी २९ ऑक्टोबरला जागतिक पक्षाघात दिन पाळला जातो, व्याख्याने होतात, वृत्तपत्रांतून लेख येतात. हे स्वागतार्हच आहे. परंतु जे रुग्ण वाचतात, त्यांच्यापुढे आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांपुढे पुढची पाच, दहा, पंधरा वर्षे उभी असतात. त्या वर्षांचा विचार ना योजनांत पुरेसा दिसतो, ना सेवाकार्याच्या आराखड्यांत.

चार भिंतींच्या आत

शुश्रूषा हा शब्द उच्चारायला सोपा आहे. प्रत्यक्षात तिचे स्वरूप काय असते, हे बारकाईने पाहिले पाहिजे. स्वतः कूस बदलू न शकणाऱ्या रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, अन्यथा पाठीला व माकडहाडाला शय्याव्रण होतात. गिळण्याची क्रिया बिघडलेली असेल तर पाण्याचा एक घोटही श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. नाकात नळी असेल तर ठरावीक वेळी, रुग्णाला बसते करून, पातळ अन्न द्यावे लागते. लघवीची पिशवी, संडास, अंग पुसणे, व्यायाम, औषधांच्या वेळा ही सारी कामे रात्रंदिवस चालू असतात. लुळा पडलेला हात धरून रुग्णाला ओढून उठविले, तर खांदा निखळतो आणि मग महिनोन् महिने वेदना होतात. ही साधी गोष्टही कित्येक घरांना कोणी सांगितलेली नसते.

शरीराहून अवघड असते ते मन. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. घरातील माणसे त्याला हट्टीपणा समजतात. मेंदूच्या काही भागांना इजा झाल्याने रुग्ण कारणाशिवाय रडतो वा हसतो, आणि आल्यागेल्याला वाटते की याचे डोके फिरले. मेंदूच्या डाव्या भागात आघात झाला तर उजव्या बाजूबरोबर पुष्कळदा वाणीही जाते. सर्व कळते, पण शब्द सापडत नाही. सासरे पाणी मागायला जातात आणि तोंडून ‘दार’ असा शब्द निघतो. चूक झाली हे त्यांनाही उमगते, म्हणून ते संतापतात. जिला हे कोणी समजावून दिलेले असते, ती सून शांतपणे म्हणते, “बाबा, पाणी हवंय का? नुसती मान हलवा.” जिला कोणी समजावलेले नसते, ती घाबरते, चिडते आणि हळूहळू त्यांच्याशी बोलणेच सोडून देते. वाचाघाताचा रुग्ण मग जिवंतपणी एकांतवासात जातो.

या सर्व श्रमांचा वाटा कोणाकडे जातो, हे सांगण्याची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या कालवापर सर्वेक्षणानुसार १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील व्यक्तींची देखभाल करतात. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के आहे. देखभाल करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी सरासरी १४० मिनिटे त्यात जातात, पुरुषाची ७४. यात मुलांच्या संगोपनाचा भाग मोठा असला, तरी रुग्णाच्या बाबतीत वेगळे घडत असेल असे मानायला जागा नाही. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीची कंबर जाते, झोप जाते, मैत्रिणी तुटतात, स्वतःचा रक्तदाब तपासायला तिला सवड मिळत नाही. ती तक्रार करीत नाही, कारण ‘आपल्याच माणसाचे करण्यात कसली तक्रार’ असे तिला लहानपणापासून शिकविलेले असते. तिच्या मौनाला समाज तिचा संतोष समजतो. ही समाजाची सोयीस्कर चूक आहे.

समाजसेवकाचे नेमके काम

या पोकळीत उभे राहण्यासाठीच वैद्यकीय समाजसेवक नावाचा व्यावसायिक निर्माण झाला. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशा पदावर पहिली नेमणूक झाली. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ख्यातनाम झाली. १९४६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था, मुंबईचे निर्मला निकेतन यांसारख्या संस्थांतून शिकलेल्या पिढ्यांनी हे काम पुढे नेले. महाराष्ट्राच्या शासकीय रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ या नावाचे पद आहे. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वैद्यकीय समाजसेवकाला आरोग्य व्यवसायिकांच्या यादीत स्थानही दिले. म्हणजे ही कल्पना परकी नाही आणि नवीही नाही. उणीव आहे ती तिच्या विस्ताराची.

पक्षाघाताच्या रुग्णासाठी असा समाजसेवक काय करतो? तो औषध देत नाही, व्यायामही घेत नाही. तो आधी विचारतो. घर कितव्या मजल्यावर आहे, संडास भारतीय पद्धतीचा आहे की कमोड आहे, दिवसा घरी कोण असते, कमावते कोण आहे, कर्ज आहे का, शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीला स्वतःला काही आजार आहे का. या उत्तरांवरून घरी सोडण्यापूर्वीच तयारी करता येते. पलंगाची उंची, संडासात धरायला दांडी, कमोडची खुर्ची, हवेची गादी, वॉकर या वस्तू महाग नसतात, पण त्या वेळेवर सुचाव्या लागतात. शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीकडून उचलणे, वळविणे, भरविणे या क्रिया परिचारिका व फिजिओथेरपिस्ट यांच्यासमोर प्रत्यक्ष करवून घेणे, हेही तो जमवून आणतो.

दुसरे काम कागदपत्रांचे. उजवा हात गेला की सही जाते आणि सही गेली की निवृत्तिवेतन बँकेत अडकते. अशा खातेदाराच्या हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा दोन साक्षीदारांसमक्ष घेऊन व्यवहार करता येतो, यासंबंधी रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची ‘जीवन प्रमाण’ सुविधा २०१४ पासून उपलब्ध आहे. परंतु हे माहीत नसल्याने अंथरुणावरच्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेणारी कुटुंबे आजही दिसतात.

तिसरे आणि सर्वांत मोलाचे काम म्हणजे घर सोडून न जाणे. महिन्याने, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी फोन करणे, शक्य तर भेट देणे. आघातानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. नंतर तो मंदावतो आणि घर खचते. याच सुमारास भोंदूंचे फावते. कोणी एका इंजेक्शनात लकवा बरा करण्याची हमी देतो, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगतो. तेलाच्या मालिशने रुग्णाला बरे वाटत असेल तर तिला हरकत नाही; पण तिच्या भरवशावर रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या, तर दुसरा झटका ओढवतो. पक्षाघाताच्या साधारणतः दर चार घटनांपैकी एक ही पूर्वी आघात झालेल्या व्यक्तीला पुन्हा झालेली असते. गोळ्या चालू आहेत ना, एवढा एक प्रश्न दरमहा विचारणारा माणूसही एखादा जीव वाचवू शकतो.

‘आमच्याकडे कुटुंब आहे’

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. पाश्चात्य देशांत माणूस एकटा असतो, म्हणून तिकडे पगारी समाजसेवक लागतो. आपल्याकडे कुटुंब आहे, आपल्याला त्याची काय गरज? या आक्षेपात कुटुंबाविषयीचा अभिमान आहे आणि तो योग्यच आहे. परंतु अभिमानाने वस्तुस्थिती बदलत नाही.

ज्या कुटुंबाचे चित्र या आक्षेपामागे असते, त्यात तीन-चार भाऊ, त्यांच्या बायका, आत्या, काकू, विधवा मावशी आणि अंगणात येऊन बसणारा शेजार होता. शुश्रूषेचा भार दहा हातांत वाटला जात होता. आजचे मध्यमवर्गीय घर दोन खोल्यांचे आहे. एक मुलगा बंगळूरला, मुलगी परदेशी. शेतकऱ्याच्या घरातही तरुण हात शहराकडे गेले आहेत. नाव ‘कुटुंब’ हेच राहिले, पण भार वाहणारे हात दोनच उरले. अशा स्थितीत ‘कुटुंब समर्थ आहे’ असे म्हणून मोकळे होणे म्हणजे त्या दोन हातांवर सारा समाज उभा करणे होय.

या संदर्भात भारतातच झालेला एक मोठा वैद्यकीय प्रयोग विचार करायला लावणारा आहे. देशातील १४ रुग्णालयांत पक्षाघाताच्या १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ नावाची चाचणी घेण्यात आली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटातील रुग्णांच्या कुटुंबीयांना पुनर्वसनाचे व्यायाम आणि शुश्रूषा यांचे खास प्रशिक्षण दिले गेले, घरी भेटीही दिल्या गेल्या. दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार मिळाले. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ४७ टक्के, होते.

यातून कुटुंब निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कुटुंब तर दोन्ही गटांत होते. यातून निघतो तो एवढाच बोध की, थोडेसे शिकवून संपूर्ण जबाबदारी घरच्यांच्या खांद्यावर टाकली, म्हणजे पुनर्वसन झाले, असे होत नाही. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट, वाणी-उपचारतज्ज्ञ, समाजसेवक यांची जागा थकलेली सून भरून काढू शकत नाही, आणि तिने ती भरावी अशी अपेक्षा करणे न्याय्यही नाही. कुटुंबव्यवस्था टिकावी असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनीच ती मोडेपर्यंत तिच्यावर भार टाकू नये.

कायदा आहे, पोहोचतो किती?

शासनाने काहीच केले नाही असेही नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांना मान्यता दिली. पक्षाघाताने आलेले कायमचे चलनवलनाचे अपंगत्व त्यात येतेच. शिवाय वाचाघातामुळे आलेले कायमचे वाणीचे अपंगत्वही त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. प्रकृती स्थिर झाल्यावर तपासणी होऊन ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचा दाखला मिळाला, तर कायद्याने ठरविलेल्या सवलतींची दारे उघडतात. सरकारी सेवेत असताना दिव्यांगत्व आले, म्हणून कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही वा खालच्या पदावर ढकलता येत नाही, असे याच कायद्याचे २०वे कलम सांगते. अधिक आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याची तरतूद करण्याचा निर्देश २४व्या कलमात आहे; मात्र ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही पुस्तीही तिथेच जोडलेली आहे. जोपर्यंत ही मागणी कोणी संघटितपणे मांडत नाही, तोवर ती क्षमता कधीच पुरेशी ठरणार नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

उपचारांच्या खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे प्रति कुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांचे कवच आहे. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के आणि दुर्बल घटकांसाठी दहा टक्के खाटा राखून ठेवण्याची योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. तथापि या साऱ्या योजनांचा केंद्रबिंदू रुग्णालयातील खाट हा आहे. आयुष्मान भारतमध्ये घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरलेले आहेत. पक्षाघाताच्या रुग्णाला फिजिओथेरपी लागते ती कित्येक महिने. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे शुल्क, ब्यूरोतून लावलेल्या माणसाचा पगार, डायपर, औषधे यांचा खर्च घराच्या बचतीतूनच जातो.

असंसर्गजन्य रोगांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला, तेव्हा कर्करोग, मधुमेह, हृदयविकार यांच्या जोडीला पक्षाघाताचे नाव त्याच्या शीर्षकातच होते. २०२३ मध्ये कार्यक्रमाचे नाव सुटसुटीत करण्यात आले आणि ते शीर्षकातून गेले. नाव गेल्याने बिघडत नाही. काम मात्र जाता कामा नये. जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांची पदे भरली जावीत, त्यांना केवळ योजनांच्या अर्जांत गुंतवून न ठेवता पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या घरी सोडण्याच्या आराखड्यात सामील करून घ्यावे, आणि गावपातळीवर आशा कार्यकर्तीच्या भेटीत या घरांचा समावेश व्हावा, अशी मागणी लोकप्रतिनिधींकडे आग्रहाने मांडली गेली पाहिजे.

केरळने घालून दिलेला पायंडा

शासन आणि समाज यांनी एकत्र येऊन असे काम उभे करता येते, याचे उदाहरण देशातच आहे. केरळमध्ये १९९३ साली कोझिकोड येथे वेदनाशमन व परिहारक सेवेची संस्था सुरू झाली. आरंभी कर्करोगाच्या रुग्णांपुरते असलेले ते काम पुढे दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या, पक्षाघात झालेल्या रुग्णांपर्यंत पोहोचले. गावोगावच्या सामान्य नागरिकांनी आठवड्यातून किमान दोन तास द्यायचे, थोडे प्रशिक्षण घ्यायचे, आणि परिचारिका व डॉक्टर यांच्या साहाय्याने आपल्याच परिसरातील रुग्णांची घरी जाऊन विचारपूस करायची, असे त्याचे स्वरूप. २००८ साली राज्य शासनाने यासंबंधीचे धोरणच जाहीर केले आणि स्थानिक स्वराज्य संस्था त्यात उतरल्या.

केरळच्या राजकारणाविषयी कोणाची काय मते असतील ती असोत. चांगले काम कोठे झाले हे न पाहता ते उचलावे, ही आपली रीत आहे. महाराष्ट्रात सेवाभावी माणसांची वाण नाही. पूर, भूकंप, साथ आली की रातोरात शेकडो हात उभे राहतात, हे १९९३ च्या किल्लारीपासून २०२० च्या करोनापर्यंत महाराष्ट्राने पाहिले आहे. संकट एकाच दिवशी सर्वांवर कोसळले की आपली सेवावृत्ती जागी होते. पक्षाघात मात्र एकेका घरावर, एकेका रात्री, आवाज न करता कोसळतो. त्याची बातमी होत नाही, म्हणून त्याच्यासाठी पथकही निघत नाही.

कार्यकर्त्यापुढचे काम

गावोगावी आणि वस्त्यावस्त्यांत आज रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे चालतात. नाममात्र अनामत घेऊन खाट, चाकाची खुर्ची, वॉकर देणाऱ्या या केंद्रांनी हजारो कुटुंबांचा भार हलका केला आहे. याच केंद्रांना थोडे पुढे जाता येईल. खुर्ची नेणाऱ्या माणसाचे नाव वहीत लिहिताना त्याच्या घरी शुश्रूषा कोण करते, हेही लिहावे. महिन्याने खुर्चीची नव्हे, त्या व्यक्तीची चौकशी करावी. वस्तीतील एखादी निवृत्त परिचारिका, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, समाजकार्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी यांची एक लहानशी तुकडी जमली, तर दहा-पंधरा घरांची नियमित देखरेख सहज होऊ शकते. बँकवाल्याने निवृत्तिवेतनाचे पाहावे, विद्यार्थ्याने दिव्यांग दाखल्याचा अर्ज भरावा, परिचारिकेने पाठ तपासावी. परिसरातील समाजकार्य महाविद्यालयाच्या क्षेत्रकार्याशी हे काम जोडून घेतले, तर त्याला शास्त्रशुद्ध बैठकही लाभेल.

काही पथ्ये पाळावी लागतील. उपचारांविषयी सल्ला देणे हे कार्यकर्त्याचे काम नव्हे. ते डॉक्टरांवर सोडावे. घरातील गोष्ट बाहेर बोलू नये. रुग्णाची छायाचित्रे काढून ती प्रसिद्ध करणे तर सर्वथा टाळावे. रुग्णाशी बोलताना तो लहान मूल असल्यासारखे बोलू नये. वाणी गेली तरी त्याचे वय, त्याचा अधिकार आणि त्याची समज गेलेली नसते. आणि मुख्य म्हणजे उत्साहाच्या भरात आठवडाभर रोज जाऊन पुढे सहा महिने न फिरकण्यापेक्षा आठवड्यातून एकदाच, पण न चुकता, ठरल्या वेळी जावे. अशा घराला पाहुण्यांची उणीव नसते, नेमाने येणाऱ्या माणसाची असते.

पुरुष कार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. सेवेचे धडे बाहेर गिरविणाऱ्याने आपल्या घरातही पाहावे. वडिलांचे अंग पुसणे, त्यांना संडासला नेणे ही कामे पत्नीची वा आईची आणि डॉक्टरांशी बोलणे तेवढे आपले, अशी वाटणी अनेक सुशिक्षित घरांत आपोआप होऊन बसलेली असते. ती मुलानेच मोडायला हवी. बाहेरच्या दहा घरांना आधार देण्याचा अधिकार त्यातूनच मिळतो.

आठवड्याचे दोन तास ही मागणी मोठी नाही. त्या दोन तासांत कार्यकर्ता रुग्णाजवळ बसेल, त्याला वर्तमानपत्र वाचून दाखवील, जुन्या गावच्या गोष्टी काढील. तेवढ्या वेळात ती सून बाहेर पडेल. कदाचित देवळात जाईल, कदाचित स्वतःच्या दुखऱ्या कमरेसाठी डॉक्टरांकडे, कदाचित माहेरच्या मैत्रिणीकडे घटकाभर टेकेल. परत येईल तेव्हा घरातील दुखणे तेवढेच असेल, पण ते एकटीने वाहायचे आहे ही भावना थोडी कमी झालेली असेल. अशा एका घराचा पत्ता वस्तीतील प्रत्येक कार्यकर्त्याला आजच ठाऊक आहे. तिथे या आठवड्यात एकदा जाऊन यावे आणि पुढच्या आठवड्यातही त्याच वेळी जावे.